चार जणांच्या टीमला सॉफ्टवेअर प्रोसेस नेमकी किती लागते?

पहिला_कमिट (प्रश्न)

चौघांची टीम आहे. बैठकीच्या खोल्या आणि प्रयोगशाळेतली उपकरणं ठरावीक वेळेसाठी राखून ठेवायची वेब प्रणाली बांधतोय. एसडीएलसीचे (सॉफ्टवेअर बांधणीच्या चक्राचे) टप्पे सगळ्यांना तोंडपाठ आहेत, पण प्रत्यक्ष कामात तीन ठिकाणी वाद होतात:

१. वॉटरफॉल (एक टप्पा पूर्ण संपवूनच पुढचा) कालबाह्य झालं म्हणतात. मग रिक्वायरमेंट (प्रणालीने काय करायचं ते) आधी लिहायच्याच नाहीत का? लिहायच्या तर किती खोलात?

२. टेस्ट कुठल्या आणि किती? एकाला शंभर टक्के कव्हरेज (टेस्टमध्ये कोडची प्रत्येक ओळ चालणं) हवं, दुसऱ्याला हाताने तपासलं की पुरतं.

३. रिलीजमध्ये डेटाबेसचा बदल असला की हमखास काहीतरी मोडतं. क्रम काय असावा?

व्याख्या नकोत, काय करायचं आणि न केल्यास काय बिघडतं ते सांगा. आमचा डेटाबेस पोस्टग्रेस नावाचा आहे.

---

अर्धविराम

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो.

वॉटरफॉलचं मूळ म्हणून विन्स्टन रॉइस यांच्या १९७० च्या ज्या लेखाकडे बोट दाखवतात, त्यात 'वॉटरफॉल' हा शब्दच नाही. एकाखाली एक टप्प्यांची ती प्रसिद्ध आकृती आहे खरी, पण तिच्याबद्दल ते लगेच म्हणतात की हे असंच राबवणं धोक्याचं आहे आणि अपयशाला आमंत्रण आहे. कारणही देतात: टेस्टिंग अगदी शेवटी येतं, आणि तिथे डिझाइनमधली चूक सापडली तर फिरून वरच्या टप्प्यांवर जावं लागतं. म्हणजे 'आधी विचार करा' हे चूक नव्हतंच. विचार बरोबर होता की नाही हे कळायला वर्ष लागणं, हा रोग आहे. ॲजाइलवाल्यांनी (छोट्या खेपांत काम करणाऱ्यांनी) २००१ साली जाहीरनाम्यात लिहिलं तेही कागदपत्रांपेक्षा चालतं सॉफ्टवेअर महत्त्वाचं, एवढंच. कागद फाडून टाका असं त्यात कुठेही नाही.

तेव्हा सगळ्या प्रणालीचं दीडशे पानी बाड नको, पण पुढच्या दोन आठवड्यांत जे बांधणार आहात ते मात्र बारीक चाळणीतून गेलं पाहिजे. तुमच्याच प्रणालीतलं एक वाक्य घेऊ:

'वापरकर्त्याला बुकिंग रद्द करता यावं.'

हे वाचून चौघे मान डोलावतील आणि चौघांच्या डोक्यात चार वेगळ्या प्रणाली असतील. विचारायचे प्रश्न असे:

– कोण रद्द करू शकतो? ज्याने बुकिंग केलं तोच, की त्याचा विभागप्रमुख आणि ॲडमिनसुद्धा?
– किती आधीपर्यंत? वेळ सुरू झाल्यावर उरलेला भाग सोडता येतो का?
– दर आठवड्याचं बुकिंग असेल तर एकच वार रद्द होतो की पुढची सगळी मालिका?
– ओळ डेटाबेसमधून पुसायची, की स्थिती 'रद्द' करून ठेवायची? (पुसलीत तर महिन्याचा वापर अहवाल खोटा पडेल.)
– आधीच रद्द असलेलं पुन्हा रद्द केलं तर एरर, की शांतपणे 'झालं'?

उत्तरं मिळाली की ती गद्यात न लिहिता उदाहरणांत लिहा: 'बुकिंग १०:०० चं आहे. मुदत ६० मिनिटं. ०८:५९:५९ ला रद्द होतं. ०९:००:०० लाही होतं. ०९:००:०१ ला होत नाही, संदेश अमुक दिसतो.' या तीन वेळा लिहायला दोन मिनिटं लागतात आणि टेस्ट लिहिणाऱ्याला जसंच्या तसं हाती मिळतं. उदाहरण देता येत नाही, ती रिक्वायरमेंट अजून ठरलेली नाही असं समजा.

वेग, सुरक्षितता वगैरेंनाही हाच नियम. 'प्रणाली वेगवान असावी' हे कुणी तपासू शकत नाही. 'एकाच वेळी २०० जण शोध घेत असताना ९५ टक्के उत्तरं १ सेकंदाच्या आत' हे तपासता येतं. आकडा मागाहून बदलला तरी बिघडत नाही, आकडाच नसला तर भांडण ठरलेलं.

आणि दर वेळी एक यादी उलटी करा: या खेपेला काय करणार *नाही*. मालिका बुकिंग नाही, मोबाइल ॲप नाही, पैसे घेणं नाही. बहुतेक 'हे राहिलंच की' तिथल्या तिथे मिटतात.

---

कुलूपकिल्ली

अर्धविराम यांनी रिक्वायरमेंटचं नीट सांगितलंय. डिझाइनबद्दल प्रश्नात काही नाही, म्हणून मध्येच घुसतो, कारण बुकिंगच्या प्रणालीत सगळ्यात महागडी चूक इथेच होते.

बहुतेक जण असं लिहितात: आधी क्वेरी मारून बघा की त्या वेळेत दुसरं बुकिंग आहे का, नसेल तर नवीन ओळ घाला. आता दोन विनंत्या अर्ध्या सेकंदात आल्या तर:

१०:००:००.१०० – अ तपासतो, जागा रिकामी
१०:००:००.१२० – ब तपासतो, जागा रिकामी
१०:००:००.१५० – अ ओळ घालतो
१०:००:००.१७० – ब ओळ घालतो

दोघांनाही 'बुकिंग झालं' असा ईमेल जातो. आपल्या लॅपटॉपवर हे कधीच दिसत नाही, कारण तिथे विनंत्या एकामागून एक येतात. गर्दीच्या दिवशी मात्र दिसतं.

'सगळं ट्रॅन्झॅक्शनमध्ये (एकतर पूर्ण होणाऱ्या किंवा मुळीच न होणाऱ्या गटात) घातलंय की!' हे उत्तर पुरेसं नाही. पोस्टग्रेसची डीफॉल्ट पातळी रीड कमिटेड आहे, म्हणजे दुसऱ्याचं कमिट (पक्कं) झालेलंच दिसतं. अ ने कमिट करेपर्यंत त्याची ओळ ब ला दिसतच नाही. काही जण 'सिलेक्ट फॉर अपडेट' (वाचलेल्या ओळींना कुलूप) लावतात, तोही बुकिंगच्या ओळींवर. जी ओळ अजून अस्तित्वातच नाही तिला कुलूप कसं लावणार? कुलूप लावायचंच तर *खोलीच्या* ओळीला लावा, मग तपासा, मग घाला. चालतं, आणि कुठल्याही मोठ्या डेटाबेसवर चालतं. फक्त बुकिंग करणारी प्रत्येक वाट त्याच कुलपातून गेली पाहिजे. उद्या कुणी ॲडमिनसाठी वेगळी स्क्रिप्ट लिहिली आणि कुलूप विसरला की संपलं.

पोस्टग्रेस आहेच तर एक्सक्लूजन कन्स्ट्रेंट (डेटाबेसनेच पाळायचा नियम) वापरा. बुकिंगची वेळ रेंज प्रकाराच्या कॉलममध्ये ठेवा आणि 'खोली तीच आणि वेळ एकमेकींवर चढते' अशा दोन ओळी एकत्र राहू शकत नाहीत असं टेबललाच सांगा. खोलीच्या क्रमांकाची बरोबरी जिस्ट इंडेक्समध्ये (या कन्स्ट्रेंटला लागणाऱ्या इंडेक्सच्या प्रकारात) तपासायला बीट्री-जिस्ट हे एक्स्टेन्शन आधी चालू करावं लागतं. आणि 'स्थिती रद्द नसेल तरच' ही अट कन्स्ट्रेंटमध्येच घाला, नाहीतर रद्द केलेलं बुकिंग जागा अडवून बसेल.

वेळेची रेंज सुरुवातीला बंद आणि शेवटाला उघडी ठेवा: १० ते ११ मध्ये १० येतं, ११ येत नाही. तरच १० ते ११ आणि ११ ते १२ ही बुकिंगं सुखाने शेजारी राहतात. कुणी शेवट १०:५९ असा लिहायला लागला तर त्याला तिथेच थांबवा. मग १०:५९:३० चं काय, हा प्रश्न जन्मभर पुरतो.

टाइमझोनबद्दल एकच: घडून गेलेल्या गोष्टींची वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाण वेळेत) ठेवा. पुढच्या तारखेच्या बुकिंगला मात्र स्थानिक वेळ आणि झोनचं नाव दोन्ही ठेवा, कारण देश आपले घड्याळाचे नियम बदलतात आणि तेव्हा नुसत्या यूटीसीवरून मूळ 'सकाळी दहा' परत मिळत नाही.

---

हिरवा_बिल्ड

कव्हरेजचा वाद एका अक्षराने मिटवता येतो. दोन वेळा एकमेकींवर चढतात का, हे तपासणारं फंक्शन एका ओळीचं आहे: नव्याची सुरुवात < जुन्याचा शेवट, आणि जुन्याची सुरुवात < नव्याचा शेवट. समजा कुणी < ऐवजी <= लिहिलं. एकच टेस्ट घेतली, १०:३० ते १०:४५, उत्तर 'चढते', बरोबर. कव्हरेज शंभर टक्के, बग जागच्या जागी. लागून असलेली बुकिंगं नाकारली जात राहतील.

कव्हरेज सांगतं की ओळ *चालली*. तिचं उत्तर बरोबर होतं का, हे सांगणं त्याचं कामच नाही. उलट दिशेने मात्र ते उपयोगी: ज्या फाइलचं कव्हरेज २० टक्के आहे तिच्याबद्दल तुम्हाला काही माहीत नाही, एवढं नक्की.

जुनं बुकिंग १० ते ११ धरून या टेस्ट पुरतात:

९ ते १० – चालेल (नेमकी कड)
११ ते १२ – चालेल (दुसरी कड)
९:३० ते १०:३० – नाही
१०:३० ते ११:३० – नाही
१०:१५ ते १०:४५ – नाही (पूर्ण आत)
९ ते १२ – नाही (जुन्याला गिळणारं, हीच टेस्ट लोक विसरतात)
१० ते ११ – नाही
१० ते १० – एरर, शून्य लांबीचं बुकिंगच नको

चूक कडेवर असते, मध्यावर क्वचित. शंभर रँडम वेळा टाकण्यापेक्षा या आठ बऱ्या.

कुठल्या थरात किती? नियम, हिशोब, मुदती यांच्या युनिट टेस्ट भरपूर. त्या मिलिसेकंदांत चालतात. डेटाबेसला हात लावणाऱ्या टेस्ट खऱ्या पोस्टग्रेसवर चालवा, कंटेनरमध्ये ताजा उभा करून. कुलूपकिल्ली यांचा कन्स्ट्रेंट डेटाबेसमध्ये राहतो, त्यामुळे मॉक (नकली डेटाबेस) लावलात तर जे तपासायचं तेच बाजूला काढून ठेवल्यासारखं आहे. तिथे एक टेस्ट दोन कनेक्शन उघडून एकाच वेळी बुकिंग मारणारी हवीच: एक यशस्वी, एक नाकारलेलं. ब्राउझर चालवणाऱ्या टेस्ट पाच-सात, फक्त मुख्य वाटांच्या. त्या हळू असतात आणि उगाच पडतात.

घड्याळ हा वेगळा त्रास. फंक्शनच्या आत 'आत्ता किती वाजले' विचारलंत तर ०९:००:०१ ची टेस्ट लिहिता येत नाही. 'आत्ता' बाहेरून पॅरामीटर म्हणून द्या.

मेन ब्रँचवर (मुख्य कोडमध्ये) मर्ज होण्याआधी हे सगळं आपोआप चाललं पाहिजे, आणि दहा मिनिटांच्या आत. त्यापुढे गेलं की लोक वाट बघत नाहीत, दुसरं काम धरतात आणि लाल बिल्डकडे दुर्लक्ष सुरू होतं. कधी पडणारी कधी न पडणारी टेस्ट दिसली तर त्याच दिवशी बाजूला काढा आणि तिकीट टाका. 'परत चालव, होईल हिरवं' ही सवय लागली की खरा बगसुद्धा त्याच वाक्याने पुढे सरकतो.

हाताने तपासणं टाकाऊ नाही. नवीन स्क्रीन एखाद्या बाहेरच्याला देऊन नुसतं बघत बसा; जे सापडतं ते कुठल्याही टेस्टने सापडलं नसतं. पण तेच तेच हाताने तपासणं म्हणजे मशीनचं काम माणसाने करणं.

आता अर्धविराम यांच्या मुद्द्याला जोड. ४ जून १९९६ रोजी एरियान ५ या युरोपीय रॉकेटचं पहिलं उड्डाण फसलं. ६४ बिटांची दशांश संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात कोंबली, ३२,७६७ च्या वर गेली, एररकडे बघणारं कुणी नव्हतं, आणि सुमारे ३७ सेकंदांत मार्गदर्शन यंत्रणा बंद पडली. राखीव युनिट होतं, पण त्यातही तेच सॉफ्टवेअर, त्यामुळे तेही तसंच पडलं. तो कोड एरियान ४ वर व्यवस्थित चालला होता. नव्या रॉकेटचा आडवा वेग जास्त होता, आणि ती आकडेमोड उड्डाणानंतर लागतही नव्हती! जुन्या गृहीतकांवर पास झालेला कोड नव्या जागी उचलून ठेवताना त्याची गृहीतकं कुणी तपासली नाहीत. लायब्ररी उचलताना हे आठवावं.

---

पहिला_कमिट

कव्हरेजचा वाद मिटला, ९ ते १२ वाली टेस्ट आमच्याकडे नव्हतीच. आता तिसऱ्या प्रश्नाचं नेमकं उदाहरण: आधी फक्त खोल्या होत्या म्हणून कॉलमचं नाव 'खोली_आयडी'. उपकरणं आल्यावर ते 'साधन_आयडी' करायचंय. रिलीजच्या आधी स्क्रिप्ट चालवून नाव बदललं की झालं ना? सर्व्हर दोन आहेत.

---

मागे_फिरा

नाही झालं. नाव बदलल्याच्या क्षणापासून नवा कोड चढेपर्यंत दोन्ही सर्व्हरवर जुना कोड 'खोली_आयडी' शोधत एरर देत राहील. आणि नवा कोड चढवल्यावर बग निघाला, मागे फिरायचं ठरलं, तर जुन्या कोडला हवा तो कॉलम आता नाही. म्हणजे परतीचा दोर तुम्हीच कापला.

सूत्र असं: डेटाबेसची कुठलीही अवस्था निदान दोन लागोपाठच्या कोड आवृत्त्यांना चालली पाहिजे. त्यासाठी एक बदल तुकड्यांत करायचा.

१. 'साधन_आयडी' हा नवा कॉलम घाला, रिकामा चालेल असा. जुन्या कोडला त्याचा पत्ताही लागत नाही.

२. कोडची पहिली आवृत्ती: लिहिताना दोन्ही कॉलममध्ये लिहा, वाचताना जुनाच वाचा. दोन्ही सर्व्हरवर चढली याची खात्री करा.

३. *त्यानंतर* जुन्या ओळी भरा, एका वेळी हजार ते पाच हजार, प्रत्येक तुकडा वेगळ्या ट्रॅन्झॅक्शनमध्ये. हा क्रम उलटा केलात, म्हणजे आधी भरलं आणि मग दोन्हीकडे लिहायला लागलात, तर मधल्या वेळात आलेल्या ओळी रिकाम्या राहतात. सगळ्यात जास्त घोळ इथे होतो.

४. दोन कॉलम जुळत नाहीत अशा ओळी मोजा. शून्य यायला हवं. मोजताना 'समान नाही' हे चिन्ह वापरू नका, रिकाम्या किमती त्यातून सुटतात. 'इज डिस्टिंक्ट फ्रॉम' वापरा. शून्य आलं की नव्या कॉलमला नॉट नल (रिकामं चालणार नाही) आणि फॉरेन की (दुसऱ्या टेबलशी जोड) लावा.

५. दुसरी आवृत्ती: वाचन नव्यावरून, लेखन अजून दोन्हीकडे. काही दिवस चालू द्या.

६. जुन्या कॉलमचं नॉट नल काढा, मग फक्त नव्यात लिहिणारी तिसरी आवृत्ती चढवा. नॉट नल काढायला विसरलात तर पहिलंच बुकिंग नाकारलं जाईल.

७. पुढच्या एखाद्या रिलीजला जुना कॉलम काढा.

तुमच्या बाबतीत यात एक सापळा आहे. कुलूपकिल्ली यांचा एक्सक्लूजन कन्स्ट्रेंट 'खोली_आयडी'वर उभा आहे. पोस्टग्रेसमध्ये कॉलम काढला की तो ज्यात आहे ते इंडेक्स आणि टेबलचे कन्स्ट्रेंट आपोआप निघून जातात, कुठलीही तक्रार न करता. सातव्या पायरीनंतर सगळं छान चालेल आणि दुहेरी बुकिंग गुपचूप परत येईल. म्हणून पाचव्या पायरीच्या आधी तोच कन्स्ट्रेंट नव्या कॉलमवर उभारा. तो घालताना टेबल अडतं, तेव्हा वर्दळ कमी असतानाची वेळ धरा. हिरवा_बिल्ड यांची दोन कनेक्शनवाली टेस्ट असेल तर विसरलेलं तिथेच लाल दिसेल.

टेबल अडण्यावरून: अल्टर टेबलला (टेबलची रचना बदलणाऱ्या आज्ञेला) कुलूप हवं असतं. आधीच एखादी लांब अहवालाची क्वेरी चालू असेल तर अल्टर थांबतो, आणि त्याच्या *मागे* आलेल्या साध्या वाचनाच्या क्वेरीही थांबतात. टेबल पाच ओळींचं असलं तरी साइट बंद पडते. स्क्रिप्टच्या सुरुवातीला लॉक टाइमआउट दोन-तीन सेकंदांचा ठेवा. नाही मिळालं कुलूप तर स्क्रिप्ट पडू दे, पुन्हा चालवा.

सर्व्हर दोनच असले तरी फाइली हाताने कॉपी करू नका. १ ऑगस्ट २०१२ ला नाइट कॅपिटल या शेअर व्यवहार करणाऱ्या कंपनीत आठपैकी एका सर्व्हरवर नवा कोड चढायचा राहिला. नव्या सुविधेसाठी जुनाच फ्लॅग (सुविधा चालू-बंद करणारी खूण) पुन्हा वापरला होता, त्यामुळे त्या एका सर्व्हरवर कित्येक वर्षं न वापरलेला कोड जागा झाला. पाऊण तासात ४० कोटी डॉलरहून जास्त बुडाले. तेव्हा डिप्लॉय करणारी स्क्रिप्टच शेवटी प्रत्येक सर्व्हरला आवृत्ती विचारेल आणि जुळली नाही तर ओरडेल असं करा, फ्लॅगचं नाव दुसऱ्यांदा वापरू नका, आणि मेलेला कोड ठेवू नका. गिटमध्ये (कोडच्या इतिहासात) तो असतोच.

---

रांगेतला

स्क्रमचं (ॲजाइलमधल्या एका कामाच्या पद्धतीचं) कुणी काढलं नाही हे बरंच झालं, पण चौघांना किती लागतं ते सांगून टाकतो. चौघांत बोलण्याच्या जोड्या ६ होतात, दहा जणांत ४५. तुम्हाला समन्वयाचा मोठा सरंजाम नको. दोन आठवड्यांची खेप, सुरुवातीला तासाभराची आखणी, शेवटी चालतं सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला दाखवणं. रोजची १५ मिनिटं जमली तर जमली.

दोन गोष्टी मात्र सोडू नका. एक, दोन दिवसांत संपणार नाही असं काम बोर्डवर येऊ देऊ नका, फोडा. 'नव्वद टक्के झालंय' हे वाक्य फक्त मोठ्या कामांबद्दल ऐकू येतं. दुसरं, ब्रँच दोन दिवसांपेक्षा जास्त जगू देऊ नका आणि रिव्ह्यूला एका वेळी चारशे ओळींच्या वर पाठवू नका. दोन हजार ओळींच्या रिव्ह्यूला 'छान आहे' एवढीच कॉमेंट येते, पन्नास ओळींना दहा.

---

अर्धविराम

@रांगेतला, शेवटच्या 'दाखवणं'बद्दल थोडा असहमत. दोन आठवडे थांबायचं कशाला? रद्द करण्याचं बटण मंगळवारी तयार असेल तर मंगळवारीच वापरणाऱ्यासमोर ठेवा. मालिका बुकिंगचा प्रश्न तो पहिल्या मिनिटात विचारेल.

---

कुलूपकिल्ली

एक राहिलं. कन्स्ट्रेंटने नाकारलं की पोस्टग्रेस २३पी०१ हा एरर कोड देतो (युनिकचा असतो तो २३५०५). तो नेमका पकडा आणि वापरणाऱ्याला 'ही वेळ आत्ताच दुसऱ्याने घेतली' असं सांगून जवळच्या मोकळ्या वेळा दाखवा; एचटीटीपीचं उत्तर ४०९ (विनंती आधीच्या स्थितीशी जुळत नाही). पकडला नाहीत तर त्याला ५०० चं (सर्व्हरच्या एररचं) पांढरं पान दिसेल आणि तो तेच बटण आणखी चारदा दाबेल.

त्या दाबण्याचाही बंदोबस्त हवा. नेटवर्क मध्येच तुटलं, बुकिंग प्रत्यक्षात झालंय पण उत्तर पोहोचलं नाही, आणि ब्राउझरने पुन्हा विनंती पाठवली, तर स्वतःच्याच बुकिंगमुळे त्याला 'दुसऱ्याने घेतली' असं दिसेल. फॉर्म उघडतानाच एक यादृच्छिक किल्ली बनवून विनंतीसोबत पाठवा, ती बुकिंगच्या ओळीत युनिक म्हणून साठवा. ओळ घालण्याआधी ती किल्ली शोधा आणि सापडली तर आधीचंच यशस्वी उत्तर परत द्या. दोन्ही विनंत्या अगदी एकाच क्षणी आल्या तर हा शोध चुकू शकतो, म्हणून दोन्हींपैकी कुठलाही एरर आल्यावर तो दाखवण्याआधी किल्ली आणखी एकदा शोधा.